खार डॉक्टरकडे गेली त्याची गोष्ट

—नाही नाही, तुम्ही बोलू नका, गळ्यावर वस्तरा आहे. मान वर. हां, अशी. आणि मीही हळूच बोलतो, कारण बाकावर चित्र काढत बसलीय ना, ती आमची भिंगरी — पाच पूर्ण व्हायचीत, पण कान तिखट. बालवाडीला सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून दुकानात आणतो. तुम्ही आत आल्या आल्या तिनं विचारलं ना, तुमच्या गोष्टीत कोण आहे म्हणून? सगळ्या गिऱ्हाइकांना विचारते. ते खूळ मीच लावलं — म्हणजे बालवाडीच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, पोरांना रचू द्या गोष्टी, आपण नुसतं ‘मग?’ म्हणायचं, शेवट आपल्या हातात घ्यायचा नाही. आता यात अवघड काय? काही नाही. बोकड पोहायला शिकला — मग? बादलीला सर्दी झाली — मग? गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून मी ऐकत बसायचो, फेस वाळून जायचा.

पण हल्ली एकच गोष्ट चाललीय. खार डॉक्टरच्या घरी गेली. मी म्हणतो मग? — ती म्हणते, तिथं खूप दारं होती — की मी लगेच, आणि खार बरी होऊन घरी आली, झोपा आता. रोज हेच. बाईंनी बजावलं होतं, पण माझ्याच्यानं पुढचं ऐकवत नाही. हिची आई दवाखान्यात आहे हो. उद्या सकाळी ऑपरेशन, पोटाचं. डॉक्टर म्हणतात, उघडल्यावर कळेल. हे काय बोलणं झालं? पेटी आहे का ती? बायको रोज म्हणते, पोरीला एकदा घेऊन या. मी सांगतो, लहान मुलांना सोडत नाहीत. सोडतात. संध्याकाळी तासभर कोणालाही सोडतात. म्हटलं, नळ्याबिळ्या बघून पोर घाबरेल — म्हणजे, खरं सांगू का, पोर नाही घाबरायची. मीच तिथं दोघींसमोर रडेन, आणि मग कोण कोणाला सावरणार? गाल फुगवा जरा.

आता तर मला सांगतच नाही ती. परवा म्हणाली, बाबा, तू माझी गोष्ट संपवून टाकतोस. गिऱ्हाइकांना मात्र सांगते. म्हणून म्हणतो, तुम्ही विचारा. हा बघा, वस्तरा बाजूला ठेवला. नुसतं ‘मग?’ म्हणा. खार मेली असेल तर मेली असेल, पण मला नका सांगू, मी नळ सोडतो, मला ऐकू येणार नाही. विचारा ना.

बोल बेटा, काकांना सांग. मी वस्तरा धुतोय. मी ऐकत नाहीये.

थांब. थांब जरा, नळ बंद करू दे. काय म्हणालीस? खारीचं पिल्लू आलं, चित्र घेऊन आलं, आईनं आतून हाक मारली — आणि दार कोणी धरून ठेवलंय? बाबाखारीनं?

मग?

मग काही नाही म्हणते. पिल्लू अजून बाहेरच उभं आहे म्हणते.

उठा. अहो, उठा तुम्ही. एक गाल राहिलाय, माहीत आहे मला. हा टॉवेल घ्या, फेस पुसा, उरलेलं उद्या करू — उद्या नाही, परवा या. भिंगरे, चपला घाल. आणि ते चित्र घे बरोबर.