पडद्याकडे पाठ

डोळ्यांच्या दवाखान्यात बाळ खांद्यावर झोपलं, म्हणून मी हलले नाही. शेजारच्या बाकावर डोळ्यांत थेंब घालून, पापण्या मिटून एक म्हातारे निर्माते बसले होते. सोबत त्यांची मुलगी.

"बाबा, परवा ऑपरेशन. नंतर दिसेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. उद्या एक सिनेमा बघून घ्या."

"कुणाचा?"

"कुणाचा काय? तुमचा! स्वतःची कंपनी काढलीत, बावीस सिनेमे केलेत. एक तरी पुरता बघितलात?"

"मी पडद्याकडे पाठ करून बसायचो गं. तळ्यावर चांदणं पडावं तसा उजेड लोकांच्या चेहऱ्यांवर पडायचा. ते जिथे चुळबुळ करतील, तेवढा भाग दुसऱ्या दिवशी कापायचा."

"आई म्हणायची, लग्नातसुद्धा हे पाहुण्यांकडेच बघत होते."

"खोटं. तिच्याकडे दोनदा बघितलं."

"बरं, उद्या कुठला लावू?"

"कुठलाही. पहिलं अर्धं मिनिट पुरे."

"त्यात नुसतं कंपनीचं चिन्ह आहे, बाबा."

"कंदील घेऊन धुक्यातून धावत येणारी चार वर्षांची मुलगी. तेवढं बघायचो आणि मग खुर्ची वळवायचो."

"म्हणजे दर वेळी मला बघायचात?"

"नाहीतर कुणाला? पहाटे उठवलं म्हणून किती रडली होतीस."

"मग उद्या पडद्याकडे पाठ करून मी बसणार."

"ते कशाला?"

"तुमचा चेहरा बघायला."

"बैस. पण मी चुळबुळ केली, तरी तेवढं कापू नकोस हं."