सुईत दोरा ओवण्याआधी

या, जरा जवळ सरका. दवाखान्याच्या बाकावर ऐकलेली एक गोष्ट सांगतो. शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता.

“अहो, गोळी मधेच बंद केली, हे आज डॉक्टरांना खरं सांगा.”

“दुखणं थांबलं, मी गोळी थांबवली. शिवण संपल्यावर मशीन चालू ठेवतो का आपण?”

“संपली कुठे? दुखत नसलं तरी युरिक ॲसिडचे खडे सांध्यात असतातच, असं मागच्या वेळी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा नर्सबाईंची बाही बघत होता.”

“उसवली होती गं ती.”

“आता अंगठा उसवलाय, तिसऱ्यांदा. सांधा कायमचा गेला, तर पायमशीन कोण चालवणार?”

“तीस वर्षं याच पायावर घर चाललंय.”

“म्हणून तर बोलते.”

“बरं. गोळ्यांची पाकिटं माझ्या बॉबिनच्या डब्यात ठेव. रोज सकाळी गोळी घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवणार नाही.”

“आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं तर?”

“बसू दे. त्याला पेलाभर पाणी दे, मला तांब्याभर; डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय ना.”

“पाय बरा वाटला तरी?”

“बरा वाटेल तेव्हा तर आधी गोळी.”

आतून हाक आली. तिनं हात पुढे केला.

“चल. डॉक्टरांना मीच सांगतो, चूक माझी.”

देव त्या पायाला बळ देवो. उद्या सकाळी सदऱ्याची बटणं लावाल, तेव्हा त्या शिंप्याची एकदा आठवण काढा.