हात स्थिर धरा

—न्हाई मॅडम, कॅमेऱ्यात काय खोट न्हाई, उगं शिडीवर चढू नका. स्क्रीन बी चांगली हाय. आमचे हात ग्रीसनं माखलेले, कुठं बोट लावायचं न्हाई, नुसता हात दाखवला की माल पास — तुमी बसवलीत तवा आमी समदे खूश. पहिल्या दिवशी तर गंमतच. शिफ्ट बदलताना जो तो हात वर करून रामराम करायचा, आन् स्क्रीनला वाटायचं माल पास केला. मंग तुमीच ते हात स्थिर धरायचं टाकलंत. बरोबरच हाय. ब्रेकचे ड्रम हायती, रामरामावर पास करून कसं चालंल?

आता विचारताय, उद्धवरावांच्याच, म्हंजे माझ्याच टेबलावर माल का तुंबतो. तेल असंल हाताला. न्हाई? व्हय, पुसला की आत्ता तुमच्यासमोर. मंग उजेड कमी — तोच उजेड बाकीच्यांना बी हाय, खरंय. कालपस्तोर तुंबत नव्हता कारण शेजारच्या टेबलावर विलास होता, आज त्यो आला न्हाई. त्यो जरा... म्हंजे ड्रम मीच तपासायचो, समदे, नजर पक्की हाय माझी अजून. हात तेवढा त्यो दाखवायचा. — ते लिहू नका हां. त्याची काय चूक न्हाई, मीच गळ घातली.

कवापासनं? दिवाळीपासनं असंल. आधी चहाच्या कपात दिसलं, हातात धरला की चहा हिंदकळायचा. आता घरी मोठ्या पेल्यानं पितो, दोन्ही हातांनी धरून. बायको रुक्मिणी म्हणती, थंडी वाजती का. मी हां म्हणतो. उन्हाळ्यात बी हां म्हणतो. डॉक्टर? डॉक्टरकडं गेलो की त्यो कायतरी नाव देणार, नाव दिलं की कंपनीला कळणार, मंग मला गेटातनं आत कोण घेतंय? लई भ्या वाटतं, मॅडम. हे कुणाला बोललो नव्हतो.

म्हून म्हणतो, ते हात स्थिर धरून थांबायचं तेवढं काढून टाका माझ्या टेबलापुरतं. नुसता हात दिसला की पास. तुमाला काय अवघड हाय? केलं? दाखवू? — झाला. बघा, झाला की. एका फटक्यात पास. दिवसभर ‘हात स्थिर धरा, हात स्थिर धरा’ लिहून येत होतं, जीव नकोसा झाला होता—

थांबा. ह्यो दुसरा कसा पास झाला? मी तर नुसता घाम पुसला. ड्रम बघितला बी नव्हता. द्या इकडं. — भेग हाय ह्याला. ही बघा, कडंपासनं आत गेलीया. गेला असता कुणाच्यातरी गाडीला.

परत होतं तसं करा. व्हय, मघाशी मीच म्हणलो. आता बी मीच म्हणतोय. करा, मॅडम, माझ्याकडं बघू नका असं.

झालं? बरं. आन् रिपोर्टमधी काय ते खरं लिहा, फक्त विलासचं नाव नको. तुमची बस लागली असंल गेटला. जावा तुमी. शिफ्ट सुटंस्तोवर तरी हे टेबल माझं हाय.