चाळीस पावलांची घोडी

केशर : ...एक घोडी, एक जीन, एक लगाम, एक दोर. माणसं तीन. टॉर्च एक, घड्याळ एक, वही एक. घुंगरं किती, काका?

नागनाथ : घुंगरं काढून ठिवली, बाई. ती वरातीलाच.

केशर : मग घुंगरं शून्य. वेळ चार वाजून बावन्न मिनिटं.

सिताराम : हे समदं लिवायला लागतंय का, बाई? बसायचं अन् निघायचं.

केशर : नंतर तुम्हीच म्हणाल, असं नव्हतं, तसं होतं. लिहिलेलं बरं.

नागनाथ : डावा पाय रिकिबीत घाला. माझ्या खांद्याला धरा. हं, आता घ्या अंग वर. बसलात. मैना, गप ऱ्हा. बाईमाणूस हाय, नवरदेव न्हाई.

केशर : आजपर्यंत नवरदेव किती बसले हिच्यावर?

नागनाथ : अडुसष्ट. बाईमाणूस तुमीच पयल्या.

सिताराम : बाशिंग बांधायचं राहिलं फक्त. चला बा, दोर धरा. जाता जाता उजेड आटपंल.

केशर : सितारामभाऊ, निघण्याआधी एकदा सांगा. मागच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी तुम्ही काय म्हणाला होतात?

सिताराम : बाई, ती म्हणायची पद्धत असती.

केशर : तरी सांगा.

सिताराम : म्हणलं, सूर्य पश्चिमेला उगवला तरच ही घोडी माझ्या दारात ऱ्हाईल. रागात म्हणलं. हेडमास्तर हुते, दोन शिक्षक हुते.

केशर : आणि मी होते, गणिताची बाई.

सिताराम : तुमी हुता तेच नडलं. दुसरं कुणी असतं तर हसून घरी गेलं असतं. तुमी पाटीवर डोंगर काढून बसल्या.

नागनाथ : तोंडातून शब्द गेला न्हवं, सित्या? आता ऐकून घे.

सिताराम : ऐकायलोय ना. उद्या सकाळी सातला टेम्पो येणार, घोडी इकायला माळेगावच्या जत्रेला जाणार. तवर सूर्यानं कुठून बी उगवावं.

केशर : मला आजची संध्याकाळ पुरे. सोमवारीच येणार होते, पण नामांतराच्या मोर्च्यामुळं एसटी बंद होती.

सिताराम : तुमी बी हुता म्हणं मोर्च्यात?

केशर : होते. परभणीत, स्टेशनपासून कचेरीपर्यंत.

सिताराम : तिथं बी माणसं मोजली असतील.

केशर : रांगा मोजल्या. दोनशे चौदा. पुढं घोषणा सुरू झाल्या, मग मोजणं सुटलं.

नागनाथ : बाई, आता खिंड आली. इथून उतार हाय. अंग मागं टाका, मांड घट्ट ठिवा. अन् समोर बघा.

केशर : ...काका, थांबा जरा.

नागनाथ : थांबलीच हाय ती.

केशर : हे सगळं रोज इथं असतं?

नागनाथ : कुठं जाणार मग? पर घोडीवरून येगळं दिसतंय. जिमिनीवरून माणसाला कुसळं दिसत्यात, घोडीवरून दरी दिसती.

केशर : खाली कापूस आहे. सगळा उन्हात आहे, आणि पायथ्याकडून सावली येतेय. बघा, ती रेघ. कापसाच्या एकेका झाडावरून पुढं सरकतेय. पांढरं होतं ते विझत चाललंय.

सिताराम : आपल्याच डोंगराची सावली हाय ती.

केशर : हो, आपल्याच. आपण जिथं उभे आहोत त्या डोंगराची. आपली डोकीही असतील तिच्यात कुठंतरी, पण ओळखू येणार नाहीत.

नागनाथ : सत्तर वर्सं हिथं हाय मी. सावली चालती, हे ठावं हुतं. पर अशी चालताना बघितली न्हवती. सापावानी सरपटायलीय.

केशर : चला. ओढ्यापर्यंत तिच्या आधी पोचलं पाहिजे. एक, दोन, तीन...

सिताराम : आता काय मोजायल्या?

केशर : घोडीच्या पुढच्या पायांची पावलं. ...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. थांबली.

सिताराम : थांबणारच. ह्याच्यापायीच तर इकायची हाय. जीप आल्यापासून वराती गेल्या. आमी म्हणलं, धरणावरच्या विश्रामगृहात पाव्हणे येत्यात, त्यांना सांजच्याला डोंगरात फिरवू. मागल्या महिन्यात एक इंजिनियर कुटुंब घिऊन आला. चाळीस पावलं चालायची अन् थांबायची. बायको हसायली, लेकरं हसायली. पाव्हणे अर्ध्यातून पायी माघारी गेले.

नागनाथ : तिची चूक न्हाई ती. नऊ वर्सं वरातीत चालली. चाळीस पावलं गेलं की थांबायचं, वाजवणारे वाजवत्यात, नाचणारे नाचत्यात, मग फुडं. तिच्या अंगात बसलंय ते. जन्माची सवय जायची न्हाई.

केशर : सवय. बरं. किती वेळ थांबते?

नागनाथ : एक कडवं हुईस्तोर.

केशर : सत्तेचाळीस सेकंद. निघाली.

सिताराम : बाई, कडवं मोजणाऱ्या तुमीच पयल्या.

(ओढा. घोडी पाण्याकडं जाते.)

नागनाथ : पिऊ द्या तिला. मी बी तोंड धुतो.

केशर : काका, माझ्या हातात लगाम नाही.

नागनाथ : नसू द्या. पाणी तिला ठावं हाय. बसून ऱ्हावा.

केशर : ...पन्नास, एक्कावन्न, बावन्न. पाण्याशी आली.

सिताराम : बाई, मागं बघा. गेला सूर्य.

केशर : पाच सव्वीस. मावळला. डोंगराआड, या जागेवरून. हे पहिलं.

सिताराम : पयलं म्हणजे? दिवसातनं एकदाच मावळतो.

केशर : या ओढ्यासाठी मावळला. समोरचा माळ बघा, तिथं अजून ऊन आहे. पायथ्याशी सावली, वर ऊन. ती रेघ आता चढायला लागलीय. आपण तिच्यापेक्षा जोरात चढलो, तर रेघ ओलांडून पुन्हा उन्हात जाऊ. मग मागं वळून पाहिलं तर पश्चिमेच्या डोंगरावर सूर्य वर येताना दिसेल.

नागनाथ : मावळलेला सूर्य परत?

केशर : तोच. कागदावर तरी येतो. डोळ्यांनी मी पाहिलेला नाही. म्हणूनच आज आलेय.

सिताराम : अन् न्हाई दिसला तर?

केशर : तर मी चुकले, आणि टेम्पो सातला येईल.

नागनाथ : मैना, आटप पाणी.

केशर : वाट पाचशे मीटर आहे. मागच्या रविवारी दोरीनं मोजली. सावलीला वर पोचायला साधारण अठरा मिनिटं. तीन मिनिटं पाण्यात गेली. पाच एकोणतीस. चला.

नागनाथ : चल माझी बाय, चल.

केशर : ...एकोणचाळीस, चाळीस.

सिताराम : थांबली.

नागनाथ : चल गं. अगं, हिथं कुनी नाचत न्हाई. चल.

केशर : पुन्हा निघाली. ...चाळीस. पुन्हा थांबली. काका, अशी सोळा वेळा थांबेल. बारा मिनिटं थांबण्यातच जातील. सावली आधी पोचेल.

सिताराम : म्हणलं न्हवतं? द्या सोडून, बाई. आपण कोशिश केली. बा, परत फिरवा.

नागनाथ : एकदा अजून. एकदा. मैना, माझ्यासाठी चल. तुझ्या पाया पडतो.

केशर : ...सदतीस, अडतीस, एकोणचाळीस... काका, तुम्ही का थांबलात?

नागनाथ : मी कुठं थांबलो? ती थांबली.

केशर : नाही. तुमचा डावा पाय आधी थांबला. मी वरून बघत होते. तुम्ही थांबलात, दोर ढिला झाला, आणि मग ती थांबली. एक पाऊल नंतर.

नागनाथ : बाई, काही तरीच.

केशर : ओढ्याशी तुम्ही तोंड धुवायला बसलात. दोर कुणाच्या हातात नव्हता. घोडी पाण्यापर्यंत बावन्न पावलं गेली, मधे एकदाही थांबली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आता आलं.

सिताराम : बा?

नागनाथ : ...वरातीत नवरदेवाच्या फुडं मीच चालतो. नऊ वर्सं मैनाच्या फुडं. त्याच्या आधी तिच्या आईच्या फुडं बावीस वर्सं.

केशर : एकतीस वर्षं.

नागनाथ : वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडं बघत चालायचो. चाळिसावर वाजप फिरायचं. तवा मी थांबायचो, अन् मग ती. म्हणजे ही समदी हसली, ती माझ्या पायाला हसली. अन् मी घोडीला नावं ठिवली. घरात बी, चारचौघांत बी.

सिताराम : मी तर इकायला काढली.

केशर : पाच चौतीस झाले. काका, दोर सितारामभाऊंच्या हातात द्या.

सिताराम : मी कधी वरातीत दोर धरला न्हाई. मला लाज वाटायची.

केशर : म्हणूनच द्या. यांच्या पायात चाळीस नाहीत.

नागनाथ : घे, सित्या. ढिला धर. ओढू नको, नुसता चाल. अन् मी?

केशर : तुम्ही मागं या.

नागनाथ : दम लागंल मला, चढ हाय.

सिताराम : शेपूट धरा, बा. लहान हुतो तवा मला धरायला लावायचा तसं.

नागनाथ : धरलं. लाथ मारू नको गं, मीच हाय.

केशर : एक, दोन, तीन...

सिताराम : बाई, गप ऱ्हाऊन मोजा. कान लागून ऱ्हायलाय.

केशर : मनात मोजते.

नागनाथ : ...आलं. चाळीस आलं. माझा पाय थांबायलाय, बाई.

केशर : आणि घोडी?

नागनाथ : न्हाई थांबली. ओढायलीय मला. शेपटीनं ओढायलीय.

सिताराम : चालू द्या, बा. चालू द्या.

केशर : ऐंशी गेले. रेघ दिसतेय का, सितारामभाऊ? समोर, त्या बोरीच्या वर.

सिताराम : दिसायलीय. पिवळं गवत अन् खाली काळं. बोरीपाशी हाय... न्हाई, बोरीच्या वर गेली.

केशर : वर जातेय, पण हळू. आपण जास्त जोरात जातोय. बोरी ओलांडली की बघा.

नागनाथ : किती झाली पावलं?

केशर : दोनशे दहा.

नागनाथ : दोनशे दहा. अन् मी म्हणत हुतो, जन्माची सवय.

सिताराम : बोलू नका, बा, दम राखा. बाई, रेघ जवळ आली. आता पंचवीस पावलांवर हाय.

केशर : आता माझ्याकडं बघा. माझ्या डोक्याकडं.

सिताराम : तुमच्या केसांना ऊन लागलंय.

केशर : मी उंचावर आहे, म्हणून मला आधी. आता खांद्यांना लागलं. सितारामभाऊ, मैनाचे कान बघा. आतून लाल दिसताहेत.

सिताराम : लाल. निखाऱ्यावानी.

केशर : चालता चालता मागं बघा. थांबू नका.

सिताराम : ...बा. बा, मागं बघा.

नागनाथ : काय झालं?

सिताराम : बघा तर.

केशर : पाच अडतीस. कड दिसली. नुसती कड, सोन्याच्या तारेसारखी. आता नखाएवढा. आता... काका, दिसतंय ना?

नागनाथ : मावळतीला उगवायलाय.

केशर : पाव आला. आपण चढतोय तसा तो चढतोय. खालचा ओढा अंधारात आहे, कापूस दिसत नाही, आणि हा वर येतोय. मी हे गणित तीन वेळा केलं होतं, काका. तरी असं असेल असं वाटलं नव्हतं.

नागनाथ : मला वाटलं, मी मेलो अन् दिवस उलटा फिरला.

सिताराम : अर्धा आला. बाई, हे रोज हुतं?

केशर : रोज. रोज या वेळेला, जो कुणी चढेल त्याच्यासाठी.

सिताराम : अन् आमी रोज खाली बसून टेम्पोवाल्याची वाट बघायलो.

नागनाथ : ते लांब काय चमकायलंय? तळ्यावानी.

केशर : येलदरीचं पाणी असेल. इतक्या दुरून कधी दिसलं होतं?

नागनाथ : मला न्हाई. मी फुडं बघून चालायचो ना. वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडं.

सिताराम : पूर्ण आला. गोल. बाई, माथा आला.

केशर : आता थांबू द्या तिला. तुम्ही थांबवा.

सिताराम : मैना, हो. हो गं. ...थांबली. मी म्हणल्यावर थांबली.

नागनाथ : श्वास लागलाय मला. जरा बसतो. तू तिच्या कपाळावरून हात फिरव, सित्या. माझ्या हातानं चालायचं न्हाई आज, माझ्यावर रुसली असंल.

सिताराम : रुसली न्हाई. बघा, तुमच्या पागोट्याला हुंगायलीय.

नागनाथ : अगं, सोड. पान न्हाई त्यात.

केशर : खाली उतरू का, काका?

नागनाथ : बसा की. मावळस्तोर बसा. तिथनं दोन बोटं जास्त दिसंल तुमाला.

सिताराम : टेम्पोवाल्याला सांजच्याच यष्टीनं निरोप धाडतो.

नागनाथ : काय म्हणून?

सिताराम : सूर्य पश्चिमेला उगवला म्हणून. त्याला न्हाई पटलं तर येऊ द्या सात वाजता. रिकामा जाईल.

नागनाथ : अन् पाव्हण्यांना कोण फिरवंल?

सिताराम : मी धरीन दोर. तुमी शेपूट धरा.

केशर : बघा, चाललाय. आता पुढं डोंगर नाही, सरळ मैदानाच्या कडेला चाललाय. खालचा भाग चपटा झाला.

नागनाथ : गप बसू जरा, बाई. जाताना कुणी बोलू ने.

(सूर्य मैदानाच्या कडेआड बुडतो.)

सिताराम : गेला.

नागनाथ : बाई, लिवा आता. टॉर्च लाव, सित्या.

केशर : लिहिते. ओढ्यावरून मावळला, पाच सव्वीस. पश्चिमेला उगवला, पाच अडतीस. माथ्यावरून मावळला, पाच पंचेचाळीस. दोर दिल्यापासून माथ्यापर्यंत घोडीची पावलं पाचशे सत्तेचाळीस. थांबली, शून्य वेळा.