पाखरीला तिसरं घर

माझं माहेर वेरूळपासून आत, आडरस्त्याला. शेती कोरडवाहू, बाप शेतकरी, आन बापाला नाद कुत्र्यांचा. साधी कुत्री नाय, कारवान. उंच, सडपातळ, तोंड निमुळतं, पोट आत गेलेलं, पळायला लागलं की पाय जमिनीला टेकतात का नाय ते कळत नाय. ससा उठला की हे मागं. सशाची शिकार गुन्हा आहे, तेव्हाही होता, पण तेव्हा गावात विचारतंय कोण. मी काही त्याची बाजू घेत नाय, जे होतं ते सांगते. घरात चार-चार कुत्री असायची, त्यांना भाकरी घालायची आईनं, आन आई शेतात गेली की मी. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून चार जर्मनच्या ताटल्यांत वाढायची, आन एकमेकांच्या ताटलीत तोंड घालू नये म्हणून मधी काठी घेऊन उभं राहायचं. माझं निम्मं लहानपण तिथंच गेलं.

लग्न होऊन बजाजनगरला आले. मालक वाळूजला कंपनीत, तीन पाळ्या. मी खानावळ काढली, कंपनीच्या पोरांचे डबे. तीस डबे सकाळी, तीस रात्री. कुत्री-बित्री सगळं मागं राहिलं होतं, आन बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

मग बाप गेला आन भावाचा फोन आला, आक्का, म्हातारं कुत्रं राहिलंय, पळत नाय आता, ढाब्यावर सोडून येतो. असंच करतात. कुत्रं सात-आठ वर्षांचं झालं, पायातला जोर गेला, की गाडीत घालायचं आन हायवेच्या ढाब्यावर सोडायचं. तिथं खायला मिळतं म्हणे. अरे, जन्मभर ताटलीत खाल्लेलं कुत्रं, त्याला काय माहीत ढाबा? ते रस्त्यानं गाडीच्या मागं पळत येतं. पुढं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी भावाला म्हणलं, इकडं आण. त्यानं आणलं. शेजारच्या गल्लीत एक पेन्शनर बाई एकटीच राहायची, तिला दिलं. झालं, एवढंच करायचं होतं मला. एक कुत्रं, एक बाई, विषय संपला.

विषय कसला संपतो? भावानं गावात सांगितलं, गावानं पाच गावांत सांगितलं. सकाळी दार उघडावं तर गेटला कुत्रं बांधलेलं. चिठ्ठी नाय, निरोप नाय. एकानं तर दोन बांधली, वर फोन करून विचारतो, बाई, पोचली का? जसं काय पार्सल आहे.

आन घ्यायला येणारे लोक, त्यांचं काय सांगू तुम्हाला. पोरगी बघायला आल्यासारखे येतात. बसतात, चहा घेतात, दात बघतात, वय विचारतात, रंग जरा उजळ नाय का म्हणतात. लॅब्रा नाय का, ताई? म्हणलं, हे काय दुकान आहे? एक म्हणतो, राखणीला पाहिजे. म्हणलं, हे कुत्रं भुंकत नाय. चोर आला तर त्याच्यासंगं पळंल, कोण पुढं जातंय बघायला. आन ज्यांनी नेलं त्यांच्या शेजाऱ्यांचे मला फोन, त्यांच्या कुत्र्याच्या बरगड्या दिसतात, ते उपाशी ठेवतात. अहो, बरगड्या दिसल्याच पाहिजेत, तो कारवान आहे, म्हैस नाय! तरी एका घरानं तूप-पोळी चारून चारून चार महिन्यांत त्याची उशी करून टाकली.

मी मग एक नियम केला. बोलणी करायला पुरुष येतात, त्यांच्याशी बोलायचंच नाय. घरात ताटली कोण मांडणार, ती बाई कुठंय, तिला बोलवा. ती हो म्हणली तरच कुत्रं द्यायचं. कारण भाकरी घालणारीचंच ते होतं, असं माझं गणित. त्या गणितावर मी दहा-बारा कुत्री दिली, आन लई ताठ्यात होते.

मग आली पाखरी. कारभारी म्हणून आमच्या माहेरच्या पुढच्या गावचा माणूस, पक्का शिकारी, त्याची ती कुत्री. आठ वर्षांची, पिवळसर, एका कानाला चीर. कारभारी स्वतः घेऊन आला, रिक्षातून उतरला, दोरी माझ्या हातात दिली आन म्हणला, कोणी ठेवली तर ठीक, नाय ठेवली तर मला फोन कर, मी बघतो तिचं. बघतो म्हणजे काय ते मला समजतं. डोंगरात न्यायचं आन एकट्यानं खाली यायचं. कारभारी दुष्ट नाय, त्यांच्यात ते तसंच आहे. त्यानं जाताना मागं वळून पण नाय बघितलं, आन ती गेटातून तोंड काढून संध्याकाळपर्यंत उभी.

पहिलं घर उस्मानपुऱ्यात, दुसरा मजला. बाई चांगली, हो म्हणली. पण पाखरीनं जन्मात जिना बघितला नव्हता. पहिल्या पायरीशी उभी राहून थरथर कापायची. घरचा माणूस तिला रोज दोन वेळा उचलून वर-खाली, आठव्या दिवशी त्याची कंबर धरली, नवव्या दिवशी पाखरी परत. दुसरं घर एका हॉटेलवाल्याचं, बायको हो म्हणली म्हणून दिली, पण तो राखणीलाच मागत होता, मी सांगून सांगून थकले, हो हो म्हणला, महिन्याभरात आणून सोडली. म्हणे, पाहुणे आले तरी उठत नाय. मी काय सांगितलं होतं?

माझ्याकडं ठेवायची सोय नव्हती. आधीच दोन म्हातारी कुत्री दारात, गल्लीतल्या लोकांनी अर्ज दिलेला, मालकांनी सांगितलेलं, तिसरं कुत्रं आलं तर डब्याची पोरं जातील. बरोबरच होतं त्यांचं. खाण्याचा धंदा आहे.

तेवढ्यात मधुराताईंचा फोन आला. त्या बँकेत. नवरा, त्या, आन सासरे, तिघंच घरात. शहरातलं जुनं घर विकून बायपासच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला त्यांनी बांधलेलं. तळमजला, अंगण, आजूबाजूला प्लॉट मोकळे. सासूबाई गेल्यापासून सासरे खुर्चीतून उठत नव्हते, म्हणून कुत्रं पाहिजे, त्या निमित्तानं हिंडतील. मी बघायला गेले. सासऱ्यांना सगळे काका म्हणतात. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, पूजा-सोवळं कडक. काकांनी मला आधीच सांगितलं, तिनं देवघराकडं फिरकायचं नाही, मी तिला हात लावणार नाही, आणि घरात मांस-मच्छी येणार नाही. म्हणलं, भाकरी-ताक चालतं तिला. ताटली कोण मांडणार? मधुराताई म्हणल्या, मी. माझा नियम पुरा झाला. दिली.

तीन महिने बरे गेले. फरशीवर घसरायची म्हणून पोती अंथरली. काका तिला ही बया म्हणायचे. संध्याकाळी काठी घेऊन निघायचे, ती दोन पावलं मागं. हात नाय लावला कधी. मला फोन करून तक्रार मात्र, ही बया खुर्चीखालीच झोपते, ही बया घोरते.

मग एक दिवस सकाळी मधुराताईंचा फोन, मावशी, लगेच या. मी डाळीला फोडणी देत होते, म्हणलं, काय झालं? पाखरीनं काहीतरी आणलंय. काहीतरी म्हणजे काय? मावशी, मला नाव नाही घ्यायचं, तुम्ही या. डबे मदतीच्या पोरीवर टाकले आन स्कूटी काढली. तिथं पोचेपर्यंत तोंडानं सगळ्यांचा उद्धार करत होते, कारभाऱ्यापासून भावापर्यंत.

जाऊन बघते तर काका ओल्या पंच्यानं देवघराच्या दारात उभे, आन त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर फरशीवर ससा. मेलेला. मागं पाखरी बसलेली, ताठ, कान मागं. गेट उघडं राहिलं होतं, प्लॉटमधून उचलून आणला.

काका म्हणले, मी तीन जागा बदलल्या. देवघरातून ओट्यावर गेलो, तिथं आणून ठेवला. मागच्या अंगणात गेलो, तिथं आणला. परत इथं आलो, इथं हजर. त्यांचा मुलगा, मधुराताईंचा नवरा, लालबुंद. बास झालं मावशी, आजच्या आज घेऊन जा हिला. मधुराताई भाकरीची ताटली घेऊन पाखरी, पाखरी करतायत, पाखरी त्यांच्याकडं बघत पण नाय.

आन मला आठवलं. आमच्या घरी भाकरी मीच घालायचे ना? पण ससा घेऊन आली की ती कुत्री माझ्या अंगावरनं जायची आन बापाच्या हातात द्यायची. माझी काठी, माझी भाकरी, माझं सगळं, ससा बापाला. मला कधी सुचलंच नव्हतं. शिकाऱ्याची लेक मी, आन गणित करत बसले भाकरीचं.

म्हणलं, काका, ती तुम्हाला द्यायला थांबलीय. तिनं तुम्हाला धनी मानलंय. काका म्हणले, मी कधी मागितलं?

कारभाऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो आधी काय विचारतो, मोठा आहे का? म्हणलं, कारभारी, इथं लोकांची पूजा अडलीय. तरी म्हणतो, नाय, या वयात धरला म्हणून विचारलं. मग म्हणला, ज्याच्यापुढं ठेवलाय त्यानंच हातात घ्यायचा, डोक्यावर हात ठेवायचा, बस झालं म्हणायचं. दुसऱ्यानं उचलला तर तिला वाटंल, याला पसंत नाय पडला. ती उद्या दुसरा आणंल. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं.

मुलगा म्हणला, बाबा, तुम्ही आत जा, काही गरज नाहीये या सगळ्याची. मावशी नेतायत तिला. मी दोरी काढली होतीच पिशवीतून. खरंच काढली होती. माझं पण डोकं फिरलं होतं, तीनदा कुत्री परत म्हणजे माझीच अब्रू. काकांनी दोरीकडं बघितलं आन मला विचारलं, तुम्ही नेली तर पुढं कुठं? आता खोटं बोलता आलं असतं. चांगलं घर बघते म्हणता आलं असतं. म्हणलं, माझ्याकडं जागा नाय, आठ वर्षांची कुत्री आता कोणी घेत नाय. आत्ता फोनवर बोलला त्याच्याकडं जाईल. तो तिला डोंगरात घेऊन जाईल आन एकटा परत येईल.

फोन अजून चालूच होता, कारभाऱ्यानं पण ते ऐकलं.

मग काका म्हणले, मधुरा, गीझर लाव.

आन वाकले. वाकता येत नव्हतं धड, एक हात चौकटीला. कसा धरायचा? मला विचारतात. म्हणलं, मागच्या पायांना. त्यांनी धरला. तोंड दुसरीकडं केलं होतं, पण धरला. पाखरी जागची हलली नाय. मग दुसरा हात चौकटीचा सोडून तिच्या डोक्यावर ठेवला आन म्हणले, बस झालं. कचेरीत शिपायाला सांगावं तसं. तेवढ्यानं ती आडवी झाली फरशीवर, पाय ताणून, जसं काय दिवसाचं काम उरकलं.

काका परत आंघोळीला गेले. ससा प्लॉटमधी पुरला, खड्डा कोणी खणला, मीच. मुलाला गेटला दोन कड्या लावायला लावल्या. आन काकांना बजावलं, दोरीशिवाय बाहेर न्यायची नाय, परत ससा धरला तर ती सुटंल, तुम्ही अडकाल. ते म्हणले, नियम मला सांगू नका, मी नियमात जन्म काढलाय.

त्याला आता वर्ष होत आलं. दोन वेळा फिरवतात, हातात दोरी. महिन्याला मी तिची नखं कापायला जायचे, कारण मधुराताईंना भीती वाटते. गेल्या महिन्यात गेले, गेट उघडलं, पाखरीनं मला बघितलं आन उठून काकांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. नुसतं नाक दिसत होतं. काकांनी मला बसा पण नाय म्हणलं. म्हणले, तुम्ही येऊन गेलात की ही दोन दिवस जेवत नाही, गेटकडंच तोंड करून बसते. तिला वाटतं तुम्ही न्यायला आलात. तेव्हा तुम्ही आता येत जाऊ नका. मी नखं कापायची कात्री आणलीय. म्हणलं, तुम्हाला जमंल? म्हणले, न जमायला काय झालं.

एवढं सगळं करून वर हे. चहा पण नाय विचारला. मी पिशवी उचलली, चपला घातल्या, गेटच्या दोन्ही कड्या लावल्या आन आले. आता त्या बाजूला काम निघालं तरी मी त्यांच्या गल्लीतनं जात नाय, पलीकडनं वळसा घालते. सुखी राहा म्हणावं दोघं. मला माझे डबे आहेत.