चार पट्ट्या खाली

केमिस्ट : दोन गिटारी, एक बास, ड्रमचे पाच डबे, त्यातल्या एकाचं चामडं फाटलेलं. दोन स्पीकर, एक माईक. वेल्डिंगची तीन मशिनं, गॅसचे आठ सिलिंडर. याला तू रॉक बँड म्हणतोस?

धाकटा : आज तू आलास, पाच जण झालो. कीबोर्ड त्या स्टुलावर ठेव, पत्र्यावर नको. आणि पोस्टमन आला की त्याच्या पोटाबद्दल बोलू नकोस. ड्रममागे बसला की दिसत नाही.

केमिस्ट : मोजणी संपली नाही माझी. ज्याचा सूर खुंटी पिळून बदलता येत नाही असं वाद्य एकही नाही इथे. साधी पेटीसुद्धा नाही.

धाकटा : रॉकमध्ये पेटी कशाला?

केमिस्ट : गिटार दे जरा इकडे. ही तार, आणि हा कीबोर्डवरचा सूर. चार पट्ट्या खाली. दुसरी गिटार? चार. बासही चार. नुसत्या सैल पडल्या असत्या तर प्रत्येक तार वेगळी पडली असती. या कुणीतरी मोजून उतरवल्यात.

धाकटा : वर्कशॉपचं शटर अर्धं ओढ. ताई येईल एवढ्यात.

केमिस्ट : तू उतरवल्यास?

धाकटा : थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कशी झाली होती ती, तू पाहिलंयस. तुझ्याच दुकानात गोळ्या कागदावर लिहून मागायची. शाळेने गाण्याचे तास काढून घेतले, ऑफिसात बसवलं. डॉक्टर म्हणाले, गळा वापरात ठेवा, आणि ही घरात तोंड उघडेना. म्हणून बँड काढला. नाहीतर चाळिशीत मला गिटारची हौस होती होय?

केमिस्ट : ते ऐकताना कळतंच.

धाकटा : काळी चार ही तिची जुनी पट्टी. तिथे आवाज फाटायचा, मग ती वायरी गुंडाळत बसायची. एका रविवारी तारा आपोआप उतरल्या होत्या. माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी तिला वरचा सूर लागला. हसली रे ती. वर्षभरात पहिल्यांदा.

केमिस्ट : आणि पुढच्या रविवारी तू मुद्दाम उतरवल्यास.

धाकटा : पुन्हा कुठे अडली की आणखी एक. तारा खडखडायला लागल्या तेव्हा जाड घातल्या. सांगितलं, रॉकला जाडच लागतात.

केमिस्ट : भाऊजींना ठाऊक आहे? नवरा आहे ताईंचा.

धाकटा : त्यांची बास मीच लावून देतो. त्यांना वाटतं, चार तारा असल्या म्हणजे झालं.

केमिस्ट : परवा ताई दुकानात आल्या होत्या. उद्या मुख्याध्यापिकांसमोर प्रार्थना म्हणून दाखवायची आहे म्हणाल्या. शाळेत पेटी आहे. ती उतरवायला तू जाणार?

धाकटा : कीबोर्डवर एक बटण असतं ना, सगळंच खाली नेणारं? आजच्या दिवस दाब. एवढ्यासाठीच बोलावलं तुला.

केमिस्ट : बाटलीवरची चिठ्ठी बदलून आतलं औषध बदलत नाही, लेका.

ताई : कसलं औषध? आणि शटर का ओढलंय? गुदमरायला होतंय आत. अरे, आलात का तुम्ही? बरं झालं. काळी चार द्या बघू. उद्यासाठी गळा मोकळा करते.

धाकटा : ताई, आधी चहा घे.

ताई : तुझा चहा म्हणजे गरम पाणी. काळी चार.

(केमिस्ट सूर धरतो. ताई प्रार्थना सुरू करते. वरच्या सुरावर आवाज फाटतो.)

ताई : कीबोर्ड चढा आहे तुमचा.

केमिस्ट : नाही, ताई.

ताई : तू गिटारवर वाजव रे. काळी चार.

धाकटा : ताई, ऐक ना.

ताई : वाजव म्हटलं ना. असं. आता तुम्ही तुमची कीबोर्डवर धरून ठेवा. तू थांबू नकोस. किती खाली?

धाकटा : चार.

ताई : त्या जाड तारा घातल्यास, तेव्हापासून?

धाकटा : त्याच्याही आधीपासून. थोड्या थोड्या.

ताई : आणि मी घरी आरशासमोर उभी राहून मान वळवून बघायची. म्हणायची, व्रण आहे तसाच आहे, पण आतलं सगळं भरून आलं.

धाकटा : तुला गाताना बघायचं होतं गं.

ताई : बघितलंस. आता हेही ऐक. मुख्याध्यापिकांना मीच सांगून आले, आवाज पूर्ण परत आलाय. उद्याचं दाखवणं नुसतं नावापुरतं. माझ्या जागेवर जी मुलगी शिकवत होती, तिला त्यांनी शुक्रवारीच निरोप दिला. माझ्या शब्दावर. जाताना ती माझ्या पाया पडली. म्हणाली, तुमची जागा तुम्हाला मिळाली, छान झालं.

धाकटा : मला हे माहीत नव्हतं.

ताई : मलाही बरंच काही माहीत नव्हतं.

केमिस्ट : ताई, उद्या मी येतो शाळेत. त्यांना समजावून सांगू.

ताई : काय सांगायचं ते आधी मला तरी कळू दे. चार खाली म्हणजे पांढरी तीन. ती द्या. तिथून एकेक पट्टी वर. आणि मघाशी येताना बटणाचं काहीतरी कानावर आलं, त्याला हात लावू नका.

धाकटा : भाऊजी आणि पोस्टमन आलेत बाहेर.

ताई : उभे राहू देत. हं, द्या.

केमिस्ट : पांढरी तीन.

ताई : लागला. पुढची.

केमिस्ट : पांढरी चार.

ताई : लागला ना?

केमिस्ट : लागला. आता काळी तीन.

ताई : पुन्हा द्या.

केमिस्ट : काळी तीन.

ताई : आणखी एकदा.

केमिस्ट : काळी तीनच दिली, ताई.

ताई : काळी चारला किती कमी?

केमिस्ट : तीन पट्ट्या.