तीन नंबरचं कोर्ट

प्रेरणा : ...तसं नाही आप्पा, चॅनेल लावूच नका. चॅनेलवर फक्त मोठ्या कोर्टाची मॅच दाखवतात. माझी ड्यूटी तीन नंबरला आहे. त्याला ॲपच लागतं.

मानसिंग : चॅनेल बरं हाय की. रिमोटचं बटन दाबलं की लागतंय.

प्रेरणा : लागतंय, पण त्यात मी दिसणार नाही ना! हे बघा, सावळारामकाकांचा टीव्ही नवा आहे. त्यांच्या मोबाईलचं नेट टीव्हीला जोडायचं. ॲप उघडलं की खाली सगळ्या कोर्टांची नावं येतात. तीन नंबर दाबायचा. झालं. आईला द्या बरं फोन, तिला काल सगळं समजावलंय मी.

मानसिंग : तुजी आई कवाच देवळात जाऊन बसलीया. ठेवणीतली साडी नेसून, समद्या बायकांच्या म्होरं.

प्रेरणा : देवळात? काकांच्या घरी नाही बघणार तुम्ही?

मानसिंग : सावळारामनं टीव्ही टेम्पोत घालून देवळात आणलाय. म्हनला, गावानं एका जागी बसून बघायचं.

प्रेरणा : अख्ख्या गावानं? अय्या, डेअरीवरची माणसंपण?

मानसिंग : डेअरी, सोसायटी, भजनी मंडळ, समदी. भाटघरनं तुजा मामा आलाय. भोरवरनं वसंतसर बी आलेत.

प्रेरणा : अगं बाई! मग नीट ऐका आप्पा, नाहीतर सगळे शोधत बसतील. कॅमेऱ्याच्या समोरची बाजू. डावीकडं प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडं वर चढायला जिना आहे, त्याच्या तोंडाशी दोरी धरून मी उभी असणार. निळा शर्ट, पांढरी टोपी. खेळ चालू असताना कुणाला आत सोडायचं नसतं इथं. खेळाडू बाजू बदलायला निघाले की मी दोरी काढते, मग माणसं आत जातात. तेव्हा टोपीला हात लावेन. तो तुमच्यासाठी आणि आईसाठी.

मानसिंग : बरं. आन् मॅच चालू व्हायच्या आदी काय असतंय तुला?

प्रेरणा : आधी खुर्च्या पुसायच्या. समुद्रावरची पाखरं घाण करून ठेवतात. सांगितलं होतं की मी, दिवाळीतच.

मानसिंग : सांगितलं व्हतंस. ते बी दावत्यात का टीव्हीत?

प्रेरणा : खुर्च्या पुसताना? दाखवतील एखाद्या वेळेस. का?

मानसिंग : न्हाई, आपलं इचारलं.

सावळाराम : दादा! अवो मानसिंगदादा! आज बी गोठ्यातच का? तिकडं देऊळ भरलं की! टीव्हीला हार घातलाय, नारळ आणलाय. आपली खेळाडू मैदानात उतरायच्या आत फोडाय पायजे.

मानसिंग : तू हो म्होरं. आलोच म्या.

सावळाराम : फोनवर पोरगीच हाय न्हवं? तिला सांगा, फाट्यावर ह्यो भला मोठा फ्लेक्स लावलाय तिचा. फोटोत हात मोकळा व्हता, तर पप्पूनं कॉम्प्युटरवर बॅट बसवली हातात. अशी झ्याक बसलीया, जन्मात कुणाला कळायचं न्हाई!

मानसिंग : हो म्हनलं ना म्होरं! उगा कालवा करू नगंस.

सावळाराम : चाललो, चाललो. या बिगीबिगी.

प्रेरणा : आप्पा.

मानसिंग : बोल.

प्रेरणा : खेळाडू कोण?

मानसिंग : त्यो सावळाराम येडा हाय. कायबी बोलतोय.

प्रेरणा : माझ्या हातात रॅकेट घातलीय?

मानसिंग : म्या न्हाई गं सांगितलं पप्पूला. डेअरीवर म्या इतकंच बोललो, पोरगी टेनिसच्या मोठ्या स्पर्धेला लागली. लागली म्हनलो. ह्यात खोटं काय हाय? तर गेनू म्हनला, म्हंजी खेळतीया व्हय? आन् समदी माज्याकडं बघाय लागली. तुला परदेशी शिकाय धाडली तवा हीच माणसं तोंडावर हसली व्हती. त्या दिशी कॅन खाली ठिवून माजा हात हातात घेतला गं त्यांनी. म्या गप बसलो. मग पेढं आणलं, तवाबी गपच. तुज्या आईला बी गप ऱ्हा म्हनलो.

प्रेरणा : आणि आता चॅनेल लावायचं.

मानसिंग : तसं न्हाई...

प्रेरणा : तसंच आहे. चॅनेलवर मी दिसणार नाही म्हणून.

मानसिंग : मोठ्या कोर्टाची मॅच लावली की म्हनता येतंय, तिचा नंबर उद्या हाय. उद्या सांगायचं, हरली. हरण्यात काय लाज न्हाई.

प्रेरणा : आणि दोरी धरण्यात आहे.

मानसिंग : तू खुर्च्या पुसतीयास, प्रेरणा. कुणाकुणाच्या बुडाखालच्या खुर्च्या. उद्या ही माणसं काय बोलतील, तुला ठावं न्हाई. लाज वाटती मला. तुज्याम्होरं खोटं कशाला बोलू? वाटती... हाईस का गं? प्रेरणा?

प्रेरणा : आहे.

मानसिंग : बोल की कायतरी.

प्रेरणा : माझी जागा खरं तर दुसरीकडं होती आप्पा. कॅमेऱ्याच्या खाली, छान सावलीत. पण तिथली माणसं टीव्हीत दिसत नाहीत. आज इथं असलं ऊन आहे की खेळाडू मानेवर बर्फ ठेवून बसतात. मी एका मुलीच्या हातापाया पडून तिची उन्हातली बाजू मागून घेतली. ती म्हणाली, वेडी आहेस का, चक्कर येऊन पडशील. मी म्हटलं, माझे आप्पा बघणार आहेत.

मानसिंग : प्रेरणा, ऐक...

प्रेरणा : बोलावतायत मला. तुम्ही चॅनेल लावा. काही काळजी करू नका.

मानसिंग : अगं ऐक की माजं!

प्रेरणा : चॅनेलच लावा, आप्पा. ठेवते.

मानसिंग : हॅलो? प्रेरणा? हॅलो... ठिवला.

(देवळाचा सभामंडप. हार घातलेल्या टीव्हीपुढं गाव बसलेलं.)

सावळाराम : आलं, आलं, दादा आलं! ए पोरांनो, गप बसा रं. दादा, ह्यो घ्या नारळ. तुमच्याच हातानं होऊ द्या.

मानसिंग : नारळ ठिव बाजूला. ते चॅनेल काढ आदी.

सावळाराम : का? मोठी मॅच चालू झालीया की.

मानसिंग : ॲप लाव. खाली कोर्टांची नावं येतील. तीन नंबर दाब.

सावळाराम : अस्सं! आपली तीन नंबरला खेळतीया व्हय!

मानसिंग : खेळत न्हाई ती.

सावळाराम : आँ?

मानसिंग : ती खेळाडू न्हाई. कवाच नव्हती. शिकाय गेलीया, आन् शिकता शिकता तितं खुर्च्या पुसायचं, जिन्यापाशी दोरी धरायचं काम करतीया. तिनं मला पयल्यापास्नं खरं सांगितलं. तुमी खेळाडू म्हनला आन् म्या गप बसलो. तुमचं पेढं खाल्लं, हार घालून घेतलं. आता तोंड वर करून तुमच्याकडं बघायची बी लाज वाटतीया मला. फ्लेक्स म्या माज्या हातानं उतरवतो.

सावळाराम : अवो दादा... मग म्या... आता ह्या नारळाचं काय करू?

मानसिंग : देवाम्होरं ठिव. कोर्ट लाव, सावळाराम. येळ चाललाय.

सावळाराम : लावतो, लावतो. ए, कोण हसतंय रं तिकडं? उठवून बाहीर काढीन! हां... तीन नंबर. लागलं बघा. कुठं बघायचं, सांगा.

मानसिंग : समोरच्या अंगाला. डावीकडचा जिना. निळा शर्ट, पांढरी टोपी. खेळाडू बाजू बदलाय लागलं की ती दोरी काढंल आन् टोपीला हात लावंल.

सावळाराम : व्हय की, कुणीतरी उभं हाय तितं! वहिनी, जरा पुढं सरका, तुमास्नी नीट दिसाय पायजे. त्यो हार काढ रं मधनं. थांबा... हां, निघाली खेळाडू. काढली दोरी! माणसं चालली बघा आत.

मानसिंग : हात लावला का?

सावळाराम : न्हाई वो. आन् दादा, ही तर गोरी पोरगी हाय. पिवळं केस हायेत हिचं. तीन नंबरच म्हनला न्हवं? मग आपली कुठं हाय? वहिनी इचारत्यात.

मानसिंग : तुज्या वहिनीला सांग, सावलीला हाय.

सावळाराम : म्हंजी?

मानसिंग : कॅमेऱ्याच्या खाली. हितनं दिसत न्हाई. म्याच धाडली तितं.